कॉम्प्युटरच्या पोटातली शिट्टी

अप्पांनी कॉम्प्युटरचं बटण दाबलं. पंखा घरघरला, हिरवा दिवा लागला आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या इंग्रजी अक्षरांत एकच ओळ उमटली. अप्पांनी ती चष्मा लावून वाचली, मग चष्मा पुसून वाचली. दोन्ही वेळा मजकूर तोच होता.

"अगं ए!" ते ओरडले. "हा म्हणतोय, डिस्क सापडत नाही!"

स्वयंपाकघरात माईंच्या हातातली पळी खणकन खाली पडली.

"सापडत नाही म्हणजे काय?" अप्पा आता थेट कॉम्प्युटरलाच विचारत होते. "कालपर्यंत तुझ्याच पोटात होती ना? मग उठून गेली कुठे?"

ऑफिसला निघालेली सून एका पायात चप्पल घालून तशीच आत आली. तिने पडद्यावरची ओळ वाचली आणि कपाळाला हात लावला. "काल कान हरवला, आज डिस्क. आई, आपल्या घराला झालंय तरी काय?"

वाकून पळी उचलायला माईंना जरा जास्तच वेळ लागला.

कान हरवला म्हणजे अप्पांचं कानाचं यंत्र हरवलं होतं. ते घरात येऊन आठवडाही झाला नव्हता. आणि कॉम्प्युटर? तो आला तेव्हा मुलगा कॉलेजात होता. त्या काळी घरात कॉम्प्युटर येणं म्हणजे नवी नवरी येण्यासारखंच होतं. शेजारीपाजारी बघायला आले, दाराबाहेर चपला काढून खोलीत शिरले आणि हळू आवाजात बोलले. माईंनी त्याला फुलाफुलांचं कव्हर शिवलं. पडद्याला एक, कीबोर्डला एक आणि माऊसला छोटंसं टोपडं. पुढे मुलाने मांडीवर मावणारा कॉम्प्युटर घेतला, सुनेने तर हातात मावणारा घेतला, आणि हा म्हातारा अप्पांच्या वाट्याला आला. आता त्याचा खोका जुन्या दातांसारखा पिवळा पडला होता. चालू व्हायला तो इतका वेळ घ्यायचा की अप्पा बटण दाबून दाढी करायला जात.

पण नवा घ्यायला अप्पा तयार नव्हते. नकाशे काढायच्या खात्यातून निवृत्त झाल्यापासून ते एका साप्ताहिकासाठी दर आठवड्याला शब्दकोडं तयार करत. त्यांचा जुना मराठी टाइप फक्त याच कॉम्प्युटरवर चालायचा; दुसऱ्या कुठल्याही मशिनवर उघडला की चौकोनांमध्ये नुसती प्रश्नचिन्हं दिसत. आजवर एकही कोडं चुकलं नव्हतं. मुलाच्या लग्नाच्या दिवशीही अप्पा कार्यालयातून मध्येच गायब झाले होते आणि कोडं पाठवून पंगतीला परत आले होते. आजही दुपारपर्यंत ते जायला हवं होतं.

आणि डिस्क कुठे गेली, हे घरात फक्त माईंना माहीत होतं.

त्याचं असं होतं, की माई पुटपुटायच्या. लग्नानंतर पुष्कळ वर्षं त्या मनातल्या मनातच बोलत. मग अप्पांचे कान हळूहळू मिटत गेले आणि माईंचं तोंड तितकंच हळूहळू उघडत गेलं. अप्पांनी ओला टॉवेल पलंगावर टाकला की त्या म्हणायच्या, "टाका, माझ्या डोक्यावरच टाका, तेवढंच राहिलंय." चष्मा कपाळावर ठेवून अप्पा तो घरभर शोधू लागले की म्हणायच्या, "डोळे पण तिथेच कुठेतरी ठेवलेत का बघा." अप्पा वळून बघत आणि गोड हसत. माईही गोड हसत. दोघांचा संसार असा अतिशय सुखाचा चालला होता.

मग मुलाने हौसेने ते यंत्र आणलं, दुकानदाराकडून अप्पांच्या कानात बसवून घेतलं आणि त्याच दिवशी तो कंपनीच्या दौऱ्यावर निघून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी माई कपात चहा गाळत होत्या. सवयीने त्या म्हणाल्या, "आता म्हणतील साखर कमी आहे. यांच्या जिभेला कधी गोड लागलंय?"

"नाही, आज बरोबर आहे," मागून अप्पा म्हणाले.

माईंच्या हातून सुटलेला तो कप अजून फुटक्या कानाचा होता.

त्यानंतर माईंनी तोंडाला कुलूप लावायचा प्रयत्न केला. पण इतक्या वर्षांची सवय. कुलूप लागेपर्यंत एखादा शब्द निसटायचाच. तो निसटला की अप्पा जागच्या जागी थांबत, माईंकडे एकटक बघत आणि काही न बोलता उठून बाहेरच्या खोलीत जात. पहिल्या दिवशी असं एकदाच झालं, दुसऱ्या दिवशी बरेचदा. आपण नवऱ्याला पाठीमागे काय काय बोलत आलो, हे त्यांना पहिल्यांदाच स्वतःच्या कानांनी ऐकू येत होतं. बिचारा माणूस, इतकी वर्षं हसत होता. आता म्हातारपणी रोज आपल्या बायकोचे शब्द ऐकून तोंड लपवत उठून जातोय.

म्हणून काल संध्याकाळी अप्पा यंत्र टेबलावर काढून अंघोळीला गेले, तेव्हा माईंनी ते उचललं. ठेवायचं कुठे? स्वयंपाकघरात सून रोज डबे पुसते. कपाटात अप्पा उचकापाचक करतात. घरात कुणीही कधीही बघणार नाही अशी एकच जागा होती. कॉम्प्युटरच्या खोक्याच्या बाजूचा पत्रा मागच्या दुरुस्तीपासून स्क्रूशिवाय नुसता अडकवलेला होता. माईंनी तो सरकवला, हात आत घातला आणि यंत्र एका खाचेत ठेवलं. हात बाहेर काढताना बांगडी एका चपट्या पट्टीत अडकली. माईंनी हिसका दिला. पट्टी सुटली, बांगडी सुटली आणि माईही सुटल्या. मग रात्री जेवणं होईपर्यंत सगळ्यांनी मिळून यंत्र शोधलं. पलंगाखाली सरपटत सगळ्यात जास्त माईच शोधत होत्या.

आता मात्र ती पट्टी माईंच्या डोळ्यांसमोरून हलेना.

"अप्पा, बाजूला व्हा, मी बघते," सून अप्पांच्या कानाशी ओरडली.

"तू काय बघणार? याची नस मला माहीत आहे," म्हणत अप्पांनी खोक्याच्या डोक्यावर एक थापट मारली. कॉम्प्युटर ऐकत नसला की ते नेहमी असंच करत. मग बाजूने एक मारली. मग जरा जोरात आणखी एक.

आणि खोक्यातून शिट्टी ऐकू आली.

बारीक, सुईसारखी, कानात घुसणारी शिट्टी. सून दोन पावलं मागे सरकली. "अप्पा! हे काय वाजतंय?"

"काय वाजतंय?" अप्पा म्हणाले. "कुठे काय वाजतंय?"

माईंनी मात्र ती शिट्टी तत्काळ ओळखली. सकाळी अप्पा यंत्र कानात बसवताना तळवा जवळ नेत, तेव्हा ते हुबेहूब असंच ओरडायचं. सून तेव्हा ऑफिसात असायची. अप्पांच्या थापट्यांनी यंत्र खाचेतून घसरून कुठेतरी सांदीत जाऊन बसलं होतं आणि आता तिथून गळा काढत होतं. ते बंदही करावं लागतं, हे माईंना कुणी सांगितलं नव्हतं.

सुनेने नवऱ्याला फोन लावला. दौऱ्यावर असलेला मुलगा बहुधा न्याहारी करत होता. तोंडात घास होता.

"अरे, कॉम्प्युटर शिट्टी मारतोय."

"काय मारतोय?"

"थांब, ऐकवते." तिने फोन खोक्याजवळ नेला. शिट्टी आणखी चढली. पलीकडून घास गिळल्याचा आवाज आला.

"बाप रे! प्लग काढ. आधी प्लग काढ!"

सुनेने प्लग उपटला. पडदा विझला, पंखा थांबला, हिरवा दिवा मावळला. शिट्टी तशीच चालू होती.

"काढलास का?"

"काढला."

"मग अजून वाजतंय कसं? चुकीचा काढला असशील."

"अरे, प्लग माझ्या हातात आहे! आणि त्याची दुसरी बाजू कॉम्प्युटरमध्ये आहे!" सुनेचा आवाज फाटला. "प्लग काढलाय आणि हा वाजतोय!"

"मग घरातले सगळे प्लग काढ," शेवटी मुलगा म्हणाला. आता त्याच्या बोलण्यात तो मघाचा रुबाब नव्हता.

टीव्हीचा प्लग निघाला. फ्रीजचा निघाला. इस्त्रीचा निघाला, ती कपाटात होती तरी. शेवटी सुनेने स्टुलावर चढून मेन स्विच खाली ओढला. पंखे हळूहळू थांबले. घरात इतकी शांतता पसरली की रस्त्यावरच्या सायकलची घंटाही ऐकू आली. आणि त्या शांततेत खोका आपला एका सुरात शिट्टी मारतच होता.

सून स्टुलावरून उतरली ती थेट दरवाजापाशी जाऊन उभी राहिली, पर्स छातीशी धरून.

"लाइट का घालवली?" अप्पांनी विचारलं. "झालंय काय? कुणी मला सांगेल का?"

सून त्यांच्या कानाशी गेली. "अप्पा! तो वाजतोय! लाइट नसताना!"

अप्पांनी खोक्याला कान लावला, बराच वेळ ऐकलं आणि मान हलवली. "मला तर अगदी शांत वाटतोय."

"नेमका कालच तुमचा कान हरवायला हवा होता!" सून म्हणाली, आणि माईंना आपल्या हातातल्या बांगड्या एकदम जड वाटू लागल्या.

"मी काय म्हणते," माई घसा साफ करत म्हणाल्या, "तुम्ही सगळे जरा बाहेर जिन्यात उभे राहा. मी तेवढ्यात फडक्याने धूळ पुसून घेते. धुळीने होतं कधी कधी असं."

"आई, एक पाऊलही पुढे टाकू नका! शॉक बसेल!"

"अगं, लाइटच नाही तर शॉक कुठला?"

"लाइट नाही तर शिट्टी कुठली?" सून म्हणाली.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे वीजकाका पेपर न्यायला आले. ते वीज ऑफिसात होते. बिलांवर शिक्के मारायचे, पण त्या ऑफिसात इतकी वर्षं काढल्यामुळे विजेतलं आपल्याला सगळं कळतं, असा त्यांचा समज होता, आणि जिन्यातल्या बाकी लोकांचाही. त्यांनी डोळे मिटून शिट्टी ऐकली.

"बॅटरी," ते म्हणाले. "खाली तो जड डबा आहे ना, लाइट गेली की पुरवठा करणारा? त्यात बॅटरी असते. ती ओरडतेय. साधी गोष्ट आहे, घाबरता काय?"

सगळ्यांच्या जिवात जीव आला, माईंच्या सोडून. वीजकाकांनी आणि सुनेने मिळून तो जड डबा उचलला आणि धापा टाकत गॅलरीत नेऊन ठेवला. मग दोघे हात झटकत आत आले.

शिट्टी आतच होती.

वीजकाकांच्या चेहऱ्याचा रंग उतरला. ते पेपर न घेताच मागे सरकले. "आमच्या ऑफिसात एकदा असंच झालं होतं," ते हळूच म्हणाले. "लाइट नसताना एक मीटर फिरत होता."

"मग?"

"मग काय? तिघांच्या बदल्या झाल्या. मीटर कुणी उघडला नाही."

सुनेने ऑफिसला फोन करून रजा टाकली. कारण विचारलं तेव्हा ती म्हणाली, "घरी जरा सिरियस आहे."

मुलाने तिकडून फोन करून कॉम्प्युटरवाल्याला पाठवलं. याच माणसाने हा कॉम्प्युटर त्यांना विकला होता. तेव्हा त्याचे केस काळे होते आणि दुकानाच्या पाटीवर त्याचा फोटो होता. आता केस पांढरे झाले होते, पाटीवरचा फोटो मात्र अजून काळ्या केसांचाच होता. आल्या आल्या तो दारातच थांबला आणि त्याने खोक्याकडे जुन्या आजाऱ्याकडे बघावं तसं बघितलं.

"अजून जिवंत आहे?" त्याने विचारलं.

"तेच तर कळत नाहीये," सून म्हणाली.

त्याच्या आग्रहाखातर मेन स्विच पुन्हा वर गेला, प्लग लागला, बटण दाबलं गेलं. पडद्यावर पुन्हा तीच ओळ आली. कॉम्प्युटरवाल्याने ती वाचून हळहळ व्यक्त केली. मग प्लग काढला आणि शिट्टी थांबायची वाट बघितली. ती थांबेना. तेव्हा त्याने स्क्रूड्रायव्हर खिशातून काढला आणि परत खिशात ठेवला. त्याने पत्र्याजवळ तळवा नेला, तशी शिट्टी चढली. तळवा मागे घेतला, तशी उतरली. पुन्हा नेला, पुन्हा चढली.

"हा मला ओळखतोय," कॉम्प्युटरवाला म्हणाला आणि त्याने हात पाठीमागे लपवला.

"आधी चहा घ्या बघू तुम्ही," माई पुढे झाल्या. "आत चला, आत बसून घ्या. सूनबाई, तूही चल. काका, तुम्हीही. मी इथे थांबते."

"माई, अशा वेळी तुम्हाला एकटं सोडून आम्ही चहा पिऊ?" वीजकाका गहिवरून म्हणाले. चहा बाहेरच आला, सगळ्यांनी खोक्यापासून अंतर ठेवून भिंतीला टेकून घेतला. दोन पावलांवर पत्रा आणि माईंना तिथवर जाता येईना.

"मी म्हणते," माई म्हणाल्या, "सरळ नवा घेऊन टाकू या. हा नेऊन टाका कुठेतरी लांब."

सून कप हातात धरून सासूकडे बघतच राहिली. ज्या बाईने फाटलेली चहाची गाळणी दोन वेळा शिवली होती, ती म्हणत होती नवा घ्या!

"आई, तुम्हाला बरं वाटत नाहीये का?"

"मला काय झालंय?"

"तुम्ही मघापासून घामाघूम झालाय."

"पंखा कुठे चालू आहे?" माई म्हणाल्या. पंखा चालू होता.

सुनेने नवऱ्याला ऐकवायला पुन्हा फोन लावला आणि कॉम्प्युटरवाल्याने चहा संपवून निकाल दिला. "डिस्क गेली. आणि आत वीज साठवणारं कुठलं तरी कंडेन्सर चार्ज धरून बसलंय, ते ओरडतंय. आत्ता हात घातला तर मी इथेच आडवा होईन. उद्या माणसं आणून उचलून नेतो, दुकानात मोकळ्यावर ठेवतो, गप्प झाला की उघडतो. नवी डिस्क टाकून देईन."

"आणि जुनं आतलं सगळं?" सुनेने विचारलं.

त्याने आभाळाकडे बोट दाखवलं.

सुनेने ते अप्पांच्या कानाशी जाऊन सांगितलं, एकेक शब्द सुटा करून. उद्या नेतील. नवी डिस्क. जुनं मिळणार नाही.

अप्पा खुर्चीत बसले आणि त्यांनी काळ्या पडद्याकडे बघितलं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मग टेबलावरचं माऊसचं टोपडं उचललं, नीट झटकलं आणि माऊसला घातलं. नाडीही बांधली.

"कळवायला हवं त्यांना," ते म्हणाले. "आज कोडं नाही म्हणून. या वेळचं जरा बरं जमलं होतं."

माईंनी त्यांना ती नाडी बांधताना बघितलं मात्र, त्यांचा धीर सुटला. माझं मेलीचं काय जाईल? शिव्या खाईन. लेक, सून, शेजारी, सगळे जन्मभर चिडवतील. पण या माणसाचं कोडं चुकता कामा नये. त्यांनी पदर खोचला, दोन पावलांत खोका गाठला, खोक्याचा पत्रा खसकन ओढला आणि कोपरापर्यंत हात आत घातला.

"आई!" सून किंचाळली.

"माई, नको!" वीजकाका ओरडले. "गेल्या! हात चिकटला! लाकडाने बाजूला करा त्यांना, लाकडाने! कुणी हात लावू नका!"

"काय झालं? हॅलो? काय झालं?" सुनेच्या हातातल्या फोनमधून मुलगा बोंबलत होता.

अप्पांना ऐकू काहीच आलं नाही, पण बायकोचा हात खोक्यात आणि सगळ्यांची तोंडं उघडी, एवढं त्यांना दिसलं. ते या वयात कुणाला वाटणार नाही अशा चपळाईने उठले, कोपऱ्यातला झाडूचा दांडा त्यांनी उचलला आणि माईंच्या दंडावर उगारला.

"खबरदार माराल तर!" माई गरजल्या. "जिवंत आहे मी!"

त्यांनी हात बाहेर काढला. मुठीत शिट्टी वाजत होती. त्यांनी मूठ उघडली आणि ती वस्तू टेबलावर ठेवली. ठेवताच शिट्टी थांबली.

नखाएवढं, शेंगदाण्याच्या रंगाचं कानाचं यंत्र.



"आणि ती बघा," माई कॉम्प्युटरवाल्याला म्हणाल्या, "ती चपटी पट्टी. माझ्या बांगडीत अडकून निघालीय. तिची जागा असेल तिथे ती लावा. आणि त्या कंडेन्सरचं नाव पुन्हा काढू नका."

कॉम्प्युटरवाल्याने वाकून बघितलं, पट्टी उचलली, दाबली. टक असा आवाज आला. प्लग लागला, बटण दाबलं गेलं. पंखा घरघरला आणि म्हाताऱ्या कॉम्प्युटरने नेहमीसारखा सावकाश, कण्हत कुंथत पडदा उजळवला. पाठोपाठ सुनेने फोनवर सांगून टाकलं, "चालू झाला. हो. नाही, आईंना काही झालं नाही. आईंनीच... थांब, नंतर सांगते. नाही, ठेवू नकोस."

मग ती सासूकडे वळली. "आई, तुम्ही? तुम्ही काल माझ्याबरोबर पलंगाखाली शोधत होतात!"

"हो."

"बॅटरी लावून!"

"हो गं बाई, हो." माई मटकन स्टुलावर बसल्या. "काय करू? मला बोलायचं असतं. यांना नाही, असंच, हवेत. त्याने मला बरं वाटतं. सकाळपासून रात्रीपर्यंत एवढी कामं होतात ती काय गप्प राहून होतात? आणि आता जे बोलावं ते यांना जाऊन लागतं. बोलले की उठून जातात हे. एकदा नाही, दर वेळी. काही म्हणत नाहीत, भांडत नाहीत, उठून जातात. त्यापेक्षा भांडले असते तर चाललं असतं. मला वाटलं, नकोच तो कान. त्यांचंही जुनं हसू परत येईल आणि माझंही..."

सून डोळ्यांनी काहीतरी खुणावत होती. वीजकाका छताकडे बघत होते. कॉम्प्युटरवाल्याने दुसरा कप चहा तोंडाला लावून ठेवला होता आणि तो पीत नव्हता.

माई वळल्या. टेबलावर यंत्र नव्हतं. ते अप्पांच्या कानात होतं. आणि अप्पा पडद्यावरच्या कोड्याकडे नाही, त्यांच्याकडे बघत होते.

"परवा," अप्पा म्हणाले, "मी फिरायला जायचं टाळलं, तेव्हा तू ओट्यापाशी उभी राहून मला काय म्हणालीस?"

"मी? काही नाही."

"म्हणालीस. 'घ'वरून काहीतरी होतं. पुढचं तू नळ सोडलास म्हणून ऐकू आलं नाही. पाच अक्षरी असलं पाहिजे."

"अहो, जाऊ द्या ना आता. चुकलं माझं."

"जाऊ द्या काय? तासाभरात कोडं पाठवायचंय आणि तेवढाच एक आडवा शब्द अडलाय माझा!" अप्पांनी पडद्याकडे हात केला. "बाकी सगळे बसले. इतके दिवस तू एकेक शब्द सोडत होतीस आणि मी विसरायच्या आत इथे येऊन टाइप करत होतो. त्यातले निम्मे मी माझ्या आईच्या तोंडी ऐकले होते, ते थेट आता. कुठल्या कोशात मिळणार होते मला? एवढं सुरेख कोडं गेल्या कित्येक वर्षांत झालं नाही."

"म्हणजे तुम्ही रागावून उठत नव्हता?"

"रागावून?" अप्पांनाच धक्का बसला. "अगं, इतकी वर्षं तुझे ओठ हलताना बघतोय मी. बायको दिवसभर काहीतरी बोलतेय आणि आपल्याला एक अक्षर कळत नाही. पोरगा यंत्र घेऊ म्हणाला, तर बातम्यांसाठी हो म्हटलं का मी?"

माई बघतच राहिल्या.

"सांग ना," अप्पा कीबोर्डवर बोटं ठेवून म्हणाले. "वेळ चाललाय."

माईंनी एकदा सुनेकडे बघितलं, एकदा वीजकाकांकडे. मग त्यांनी पाठ ताठ केली आणि जिन्यापर्यंत ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात सांगितलं, "घरकोंबडा!"

कॉम्प्युटरवाल्याला ठसका लागला. फोनमधून मुलगा म्हणाला, "आई?"

अप्पांनी एकेक अक्षर चौकोनात बसवलं. शेवटचं अक्षर शेवटच्या चौकोनात जाऊन पडलं, तसा त्यांचा चेहरा उजळला. "बसला! अगदी चपखल बसला. पण त्याने इथे खाली एक उभा उघडा पडला. तीन अक्षरी हवाय. असाच कुठला तरी."

माईंनी स्टूल त्यांच्या शेजारी ओढलं, माऊसचं टोपडं काढून बाजूला ठेवलं आणि त्या ऐसपैस बसल्या. तीन अक्षरी त्यांच्याकडे पुष्कळ होते.